हाक मारली तरी न थांबणारा कुत्रा

आजचा एपिसोड लोणावळ्यातून, घरूनच रेकॉर्ड करतोय. मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय, तेवढं सांभाळून घ्या. टेबलाखाली आमचा तुफान झोपलाय. आजचा विषय तोच, म्हणजे कारवान हाउंड.

तीन वर्षांपूर्वी 'देशी जात पाळायची' म्हणून मी पिल्लू आणलं. विकणारा म्हणाला, "एक नंबर राखणदार." मी इंजिनिअर माणूस, पण डॉक्युमेंटेशन न वाचताच थेट प्रॉडक्शनला टाकलं!

पहिल्या जुलैत तुंगार्ली धरणाकडे फिरायला नेलं आणि पट्टा सोडला. धुक्यात काहीतरी हललं आणि तुफान गायब. मी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. अडीच तासांनी एका धनगर काकांनी त्याला दोरीला बांधून आणला. तारेच्या कुंपणानं पाय फाटला होता, सहा टाके पडले. काका एवढंच म्हणाले, "दादा, ह्ये माळावरचं जनावर हाय. पळताना काय दिसलं की त्याला कान नसत्यात."

घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा कळलं की काकांनी एका वाक्यात सगळं सांगितलं होतं.

ही जात दख्खनच्या कोरड्या पठारावरची. हिचे पूर्वज मध्य आशिया आणि अरबस्तानाकडून तांड्यांबरोबर आले, असं मानतात. सलुकी हा तिकडचाच भाऊबंद. कारवाँ म्हणजे तांडा, म्हणून आपल्याकडे कारवान किंवा कारवानी. अंगावर लांब केस असतील तर पश्मी. मुधोळ आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, पण तेव्हा ते घोरपड्यांचं मराठा संस्थान होतं. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि राजा पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली. म्हणून दुसरं नाव मुधोळ हाउंड. 2005 मध्ये टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं आणि 2016 मध्ये पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली.

आता शरीर बघा. डोकं लांब, निमुळतं. छाती खोल, कारण आत मोठं हृदय आणि फुप्फुसं. पोट आत ओढलेलं. भरधाव पळताना एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात. हा वासावर नाही, नजरेवर शिकार करतो. ससा दिसला की मालकाची वाट न बघता सुटायचं, यासाठीच पिढ्यान् पिढ्या निवड झालीय. मग माझी हाक त्याला कशी ऐकू येणार? तो हट्टी नव्हता, त्याचं काम चोख करत होता. चूक माझी होती. आणि हो, सशाची शिकार आज कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा ती 'परंपरा' नको.

स्वभावानं तो घरच्यांना जीव लावतो, परक्यांपासून लांब राहतो. अंगावर हात उगारलेला अजिबात खपत नाही. केस बारीक, चरबी कमी, त्यामुळे आपल्या घाटातल्या पावसात कुडकुडतो. आता त्याला जाकीट आहे, पट्टा कायम असतो, आणि रोज पहाटे एका ओळखीच्यांच्या कुंपणाच्या शेतात मोकळं पळणं.

देशी जात पाळा, नक्की पाळा. फक्त पिल्लाचा फोटो बघण्याआधी विचारा: याच्या आज्या-पणज्या काय काम करायच्या? ते काम तुमच्या घरी परवडणार असेल तरच आणा.

चला, तुफान उठलाय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!