धूर, पेशी आणि आपला आहार
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शक्तिवर्धक गोळ्यांच्या डब्यांवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द आपण वाचतो. हा काय प्रकार आहे आणि त्यावर कष्टाचा पैसा खर्च करावा काय, एवढेच मी आज सांगणार आहे.

आपल्या पेशींत डीएनए नावाचा लांब धागा असतो. पेशीने काय काम करावे, याचा सारा मजकूर त्यात साठवलेला असतो. विडी-सिगारेट, लाकडाची चूल, डिझेलच्या गाड्या यांच्या धुरात बेंझोपायरीन हे द्रव्य असते. शरीरात गेल्यावर त्याचे रूप पालटते, ते या धाग्याला चिकटते आणि मजकूर बिघडतो. धुरामुळे पेशीत 'मुक्त मूलके'ही वाढतात. तीही धाग्यावर घाव घालतात. पेशी बरीचशी दुरुस्ती स्वतःच करते. परंतु राहून गेलेल्या बिघाडातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो.

या मुक्त मूलकांना निष्प्रभ करणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. 'क' व 'ई' जीवनसत्त्वे आणि गाजरातील बीटा-कॅरोटीन ही त्यांपैकीच होत.

मग गोळी घेतली की काम झाले काय? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर याची पाहणी झाली. 1994 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो उलटाच निघाला! बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशीच एक पाहणी 1996 साली मुदतीपूर्वीच थांबवावी लागली.

याचा अर्थ गाजर वाईट, असा मुळीच नव्हे. फळे व भाज्या रोज खाव्यात. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते, आणि पेरू गरिबालाही परवडतो. पण पेरू खाल्ला म्हणून विडी माफ होत नाही. धाग्याला चिकटलेले विष फळाने धुऊन निघत नाही.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. घरात धूर कोंडू द्यायचा आणि मुलाला टॉनिकची बाटली आणून द्यायची, हा उफराटा न्याय झाला. आधी घरातील विडी बंद करा. चूल असेल तर धूर बाहेर जाईल अशी सोय करा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या घेऊ नका. विद्यार्थी मित्रहो, घरी अब्बा विडी ओढत असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका. आज ऐकलेले त्यांना अदबीने समजावून सांगा. शिकलेल्या मुलाचा घराला एवढा तरी उपयोग व्हायलाच हवा.