महजरावर सही करण्याआधी

मित्रहो, आणि लेकरांना मांडीवर घेऊन मागच्या रांगांत बसलेल्या माझ्या बहिणींनो,

अध्यक्षांनी मराठीच्या अभिजात दर्जावर बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं होतं. 3 ऑक्टोबर 2024 ला तो दर्जा मिळाला आणि तेव्हापासून जिथे जावं तिथे त्याचीच आरती चालू आहे. मी ती ओवाळणार नाही. इथे चेन्नईच्या सौकारपेठेत सोन्याची गलाई करणारा आपला खानापूर-आटपाडीकडचा माणूस पोलिसांचा कागद हातात धरून उभा असतो. आपल्याला साक्षीला बोलावलंय की संशयित म्हणून, हे त्याला कळत नाही. त्याला अभिजात दर्जाचा काय उपयोग, हे ज्याला ठाऊक असेल त्यानं उठून सांगावं. मी खाली बसतो.

कोणी उठत नाही. बरं.

कागद तमिळमध्ये असतो, कबूल. पण आकडा तर वाचता येतो? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179 लिहिलेलं असेल तर तुम्ही साक्षीदार. 35(3) असेल तर संशय तुमच्यावर. 94 असेल तर वह्या-पावत्या घेऊन या म्हणतात. 1 जुलै 2024 पासून हे आकडे आले. आधी ते 160, 41-अ आणि 91 होते आणि आपले जाणते अजून त्यांच्याच नावानं सल्ले देत बसलेत.

मग येतो महजर. जप्तीच्या वेळी आपल्याकडे पंचनामा करतात, इथे महजर करतात. शब्द ऐकून माणसं गांगरतात. अहो, हा तुमच्या खापरपणजोबांचा शब्द! शिवकाळात, पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे यायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे लोक ऐकून घ्यायचे, निवाडा व्हायचा, त्याचा महजर लिहिला जायचा. लिहिता येणारा सही करी, कुणबी नांगराची निशाणी काढी. गोतसभेचे गोडवे मी गाणार नाही. खऱ्याखोट्यासाठी माणसाला उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायला लावणारा काळही तोच. पण नांगर कशाखाली काढतोय, हे त्या कुणब्याला ठाऊक होतं.

आजचा महजर निवाडा नव्हे. अमुक वस्तू अमुक जागी माझ्या डोळ्यांदेखत सापडली, एवढंच तो सांगतो. तुम्ही शेजारधर्म म्हणून दुकानाच्या पायरीवरच सही ठोकता, आत डोकावतसुद्धा नाही. पुढे कधीतरी उलटतपासणीत वकील विचारतो, पुडी कुठल्या खणातून निघाली, वरच्या की खालच्या? तुम्ही घाम पुसता. आणि पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर साक्षीदारानं सही करायची नसते, कायदाच तसं सांगतो. हे इथे किती जणांना माहीत आहे?

शिकलेल्यांनी गालात हसू नये. कोर्ट आपल्याला रंगमंचावर फार आवडतं. ‘तो मी नव्हेच’ पाहिलं, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पाहिलं, टाळ्या वाजवल्या. सरतपासणी कोणी घ्यायची नि उलटतपासणी कोणी, हे विचारलं की मात्र सगळे छताकडे पाहतात. नानावटी खटल्यात ज्यूरीनं 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष म्हटलं, हे सिनेमामुळे सर्वांना पाठ. हायकोर्टानं ते उलटवून जन्मठेप दिली आणि सुप्रीम कोर्टानं 1961 मध्ये ती कायम केली, हे सांगितलं की चेहरे पडतात.

टिळकांचं तेच केलंय आपण. 1908 च्या खटल्यातले शेवटचे चार शब्द भिंतीवर लावले आणि मोकळे झालो. त्याआधी तो माणूस 21 तास कशावर बोलला? त्यातला मोठा भाग भाषांतरावर होता. लेख ‘केसरी’तले, मराठी, पुरावा म्हणून पुढे ठेवली ती सरकारी इंग्रजी भाषांतरं, आणि ज्यांनी निकाल द्यायचा त्या ज्यूरीला मराठी येत नव्हतं. माझे शब्द वाकवलेत, हे ते ज्यूरीला पुन्हा पुन्हा सांगत होते. 7 विरुद्ध 2 मतांनी दोषी ठरले. मंडालेला धाडलं त्यांना.

आणि या शहराचं काय? एम. के. त्यागराज भागवतर आणि एन. एस. कृष्णन, तमिळ पडद्याचे दोन राजे. लक्ष्मीकांतन खून खटल्यात 1945 मध्ये मद्रास हायकोर्टात ज्यूरीनं त्यांना दोषी ठरवलं. नायक तुरुंगात आणि त्याचा ‘हरिदास’ ब्रॉडवे थिएटरात गर्दी खेचतोय! प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, परत आलं, तेव्हा 1947 मध्ये दोघे सुटले. ज्यूरी आता इतिहासजमा आहे. पण ज्याच्यावर बेततं त्याला आतलं बोलणं कळत नाही, हे तसंच राहिलंय.

‘वकील असतो ना!’ असतो. त्याच्या वकालतनाम्यावर सही तुमची असते. ‘मग तमिळ शिका’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी आहे. दोन-दोन पिढ्या इथे राहून भाजीवाल्याशी खुणांनी बोलणाऱ्यांची मला लाज वाटते. इथल्या कोर्टात वाय्दा, जामीन, जप्ती हेच शब्द चालतात. अर्धं तमिळ तर घरचंच आहे. आणि तमिळ माणसालाही हायकोर्टात इंग्रजीच ऐकावं लागतं. तिथे तमिळ हवी, असा ठराव विधानसभेनं 2006 मध्ये केला, तो अजून मान्य झालेला नाही. तेव्हा ही मराठी विरुद्ध तमिळ कुस्ती नव्हे.

कायदा आपल्या बाजूनं आहे. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती भर कोर्टात त्याच्या भाषेत समजावून सांगायची, असं त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 314 सांगतं. अटकेची कारणं त्याला कळेल अशा भाषेत लेखी द्या, उशिरात उशीर म्हणजे रिमांडसाठी उभं करण्याआधी दोन तास तरी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2025 च्या नोव्हेंबरात बजावलं. पण मागितल्याशिवाय देतो कोण? आणि मागायचं काय, हेच ठाऊक नसेल तर?

म्हणून अध्यक्ष या नात्यानं एकच ठराव मांडतो. शाल-श्रीफळाचा यंदाचा सगळा खर्च रद्द करावा. त्या पैशात मराठी-तमिळ कोर्टशब्दांची खिशात मावेल अशी पुस्तिका छापावी, कलमांच्या आकड्यांसकट. दर रविवारी याच सभागृहात एक टेबल लावावं. सभेत बसलेल्या वकिलांनी आळीपाळीनं तिथे बसून लोकांचे कागद वाचून द्यावेत, फुकट. माझ्या गळ्यात घातलेली ही शालसुद्धा दुकानात परत करा, पावती असेलच. अनुमोदन कोण देतंय? पहिल्या रांगेतून आलं तर बरं.