दोष गाडीत की घरात?
(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी पुढारी नाही. माझे वडील याच जिल्ह्यात शेती करीत. मी आयटीआय करून गाड्यांच्या दुरुस्तीत पडलो आणि कामाच्या मागे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात गेलो. तो मुलूख दूधवाल्यांचा. अध्यक्षांनी सांगितले, तिकडचे काहीतरी सांगा. तिकडच्या रुंद रस्त्यांचे वर्णन ऐकून तुमच्या पदरात काही पडणार नाही. म्हणून एका बिघाडाची गोष्ट सांगतो. ती तुमच्या मोटारीच्या पेटीपर्यंत येऊन पोचते.

हायब्रिड गाडी म्हणजे जिच्यात इंजिन आहे आणि विजेची मोटारही आहे. तिच्या पोटात मोठी बॅटरी असते. त्या बॅटरीची वीज इन्व्हर्टरमधून काढून घरच्यासारखे सॉकेट गाडीतच देता येते. जपानात 2001 साली आलेल्या एस्टिमा हायब्रिड गाडीत असे 100 व्होल्टचे, 1500 वॅटचे सॉकेट होते. मार्च 2011 मध्ये तिथे भूकंप आणि त्सुनामी झाली, तारा तुटल्या, तेव्हा या गाड्या विजेसाठी कामाला आल्या. त्यानंतर ही सोय आणखी गाड्यांत आली. अमेरिकेत आता काही हायब्रिड पिकअप 7200 वॅटपर्यंत वीज देतात. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होऊन ती भरते.

अशी एक पिकअप आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने घेतली होती. हिवाळ्यात बर्फाच्या वादळाने लाईन पडली. गोठ्यात गाई, पाण्याची विहीर बोअरची, पंप अर्ध्या हॉर्सपॉवरचा, 240 व्होल्टचा. दुभत्या गाईला पाणी मिळाले नाही तर काय होते हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हाताऱ्याने गाडीची केबल घराच्या पॅनेलला जोडली. घरातला पहिला दिवा लागला आणि गाडीची वीज बंद. पडद्यावर सूचना : अर्थ फॉल्ट. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद.

वादळाआधी त्याने एकदा जोडून पाहिले होते, तेव्हाही हेच झाले होते. एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितले होते, इन्व्हर्टर गेला, बदलावा लागेल. खर्च हजारो डॉलर. शेजारी म्हणाला, कशाला? केबलमधली अर्थची तार तोडून टाक, ट्रिप होणार नाही. म्हाताऱ्याने पक्कड हातात घेतली होती, तेवढ्यात मी पोचलो.

आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो, कारण क्रम हीच दुरुस्तीची अर्धी विद्या आहे.

पहिले : सगळे काढून टाकले. सॉकेटला काहीही न लावता चालू केले. रिकामे सॉकेट ट्रिप झाले असते तर दोष गाडीत : सॉकेटमध्ये पाणी, ओल, नाहीतर आतली वायर. ते झाले नाही.

दुसरे : साधा बल्ब लावला. बल्ब फसवत नाही. त्यात मोटार नाही, सर्किट नाही. बल्ब लागला. म्हणजे इन्व्हर्टर वीज देतो.

तिसरे : भार वाढवला. ड्रिल मशीन, मग हीटर. दोन्ही चालले. इथे एक हिशेब लक्षात ठेवा. मोटार सुरू होताना चालू प्रवाहाच्या चार-पाच पट आणि कधी त्याहून जास्त ओढते. 1500 वॅटच्या सॉकेटला 1 हॉर्सपॉवरची, म्हणजे 746 वॅटची मोटार लावून ती उचलत नाही म्हणून गाडीला शिव्या देणे बरोबर नाही. आमचा पंप मात्र चालताना 5 अँपिअरच्या आसपास, सुरू होताना वीस-पंचवीस. गाडीचे सॉकेट 30 अँपिअरचे. अडचण भाराची नव्हती.

चौथे : लांब केबल आणि तिचा प्लग पाहिला. ओली किंवा कापलेली केबल हे ट्रिप होण्याचे नेहमीचे कारण. केबल कोरडी आणि धड होती.

आता उरले घर. गाडी सगळे चालवते, फक्त घराला जोडली की रुसते.

गाडीतले संरक्षण काय करते? आपल्या दूध सोसायटीचा हिशेब ठेवल्यासारखे करते. फेजने किती गेले आणि न्यूट्रलने किती परत आले, दोन्ही मोजते. फरक पडला तर ती वीज कुठेतरी गळते आहे, कदाचित माणसाच्या अंगातून, असे समजून ताबडतोब बंद करते. तिकडच्या घरगुती संरक्षक सॉकेटला 5 मिलिअँपिअरचा फरक पुरतो. आपल्याकडे घरात बसवतात त्या आरसीसीबीला सहसा 30.

त्या गाडीत न्यूट्रल आणि अर्थ एका जागी जोडलेले होते. घराच्या मुख्य पॅनेलमध्येही न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले, तिकडचा तसा नियमच आहे. दोन्ही जोड एकत्र आले, तेव्हा परतीच्या विजेला दोन वाटा झाल्या. थोडी न्यूट्रलने आली, थोडी अर्थच्या तारेने. हिशेब जुळेना. गाडीने गळती समजून वीज तोडली. गाडी चांगली होती, घराचे वायरिंगही चांगले होते. जोड चुकीचा होता.

अर्थची तार तोडली असती तर ट्रिप थांबले असते, हे खरे. पण मग पंपाच्या लोखंडी अंगात फेज उतरली असती, तर ती जायला तार नसती. ओल्या गोठ्यात पहिला हात लावणाऱ्याच्या अंगातून ती गेली असती. हजारो डॉलरचा इन्व्हर्टर बदलला असता, तरी नवाही ट्रिपच झाला असता.

त्या रात्री लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनने पंपाची केबल पॅनेलमधून पूर्ण सोडवली, तिला अर्थसकट प्लग लावला आणि थेट गाडीला जोडली. पंप चालला, गाई प्याल्या. गाडी उघड्यावरच उभी ठेवली, कारण इंजिन आपोआप सुरू होते आणि बंद शेडमधला त्याचा धूर माणूस मारतो. पुढे फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा चेंजओव्हर बसवला. तेव्हापासून एकदाही ट्रिप नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ही गाडी कुठे? विजेच्या काही गाड्यांतून बाहेर वीज घेण्याची सोय आपल्याकडेही आली आहे. जनरेटर तर गावोगाव आहेत. आणि ती पक्कड प्रत्येक घरात आहे. फ्यूजच्या जागी जाड तार कोण घालतो? आरसीसीबी सारखा पडतो म्हणून बायपास कोण करतो? एक फेज आणि जमिनीत ठोकलेली सळई घेऊन बल्ब कोण लावतो? आपणच. पडणारे बटण आपल्याला शत्रू वाटते, कारण ते का पडले हे विचारायला आपल्याला कोणी शिकवले नाही.

आणि चेंजओव्हर नसताना जनरेटर घराच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी डीपीवर जाते आणि पलीकडच्या तारेवर हजारो व्होल्ट उभे करते. त्या तारेवर तुमच्याच गावचा वायरमन चढलेला असतो.

म्हणून चार गोष्टी घरी घेऊन जा. ट्रिप झाले की आधी सगळे काढा. मग बल्ब. मग एकेक वस्तू. ज्या वस्तूवर पडते तिथे शोधा, आणि कशावरच दोष सापडत नसेल तर न्यूट्रल-अर्थचा जोड तपासून घ्या. एवढे करून मगच गॅरेजवाल्याला स्कॅनर लावू द्या आणि आलेला कोड कागदावर लिहून मागा. पैसे आपण देतो, दोषाचे नाव कळण्याचा हक्कही आपलाच आहे. गाडीतल्या नारिंगी केबलींना मात्र हात लावू नका. तिथे शेकडो व्होल्ट असतात, ते काम शिकलेल्याचे.

आज घरी गेलात की आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबून पाहा. पडला तर तो जागा आहे. नाही पडला तर वायरमनला उद्याच बोलवा.