साष्टीचें दक्षिण दार
कुर्ला आज मुंबईंत सामावलें आहे. परंतु मूळचें तें साष्टी बेटाच्या दक्षिण कांठावरील गांव. 1737 मध्यें मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून साष्टी घेतली. 1774 अखेर ती इंग्रजांच्या हातीं गेली. गव्हर्नर डंकन यांच्या कारकीर्दींत शीवेच्या बांधानें ती मुंबईस जोडली, आणि 1853 मध्यें आगगाडी आली.

पाण्याची वाट मात्र तीच राहिली. विहार व पवई तलावांतून सांडणारें पाणी घेऊन मिठी नदी कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीस मिळते. कांठचीं तिवरें तुटलीं, खाजणें बुजलीं. आणि 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मिठीचें पाणी कुर्ल्यांतील घराघरांत शिरलें. उरलेलीं तिवरें राखणें कुर्लेकरांच्याच हिताचें आहे.