मोडलेली काठी

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या दिवशी वक्त्याने धर्मग्रामाच्या थोर कार्याचे वर्णन करावे, अशी रीत आहे. ते काम माझ्याहून अधिक जाणत्या मंडळींनी आज उत्तम प्रकारे केलेच आहे. मी आपणांपुढे एका क्षुल्लक वस्तूची गोष्ट मांडणार आहे. ती वस्तू म्हणजे मासे धरावयाच्या गळाची एक काठी होय.

ही काठी आपल्या येथील एका वृद्ध धर्मशिक्षकाची होती. आपल्यांपैकी पुष्कळांना त्यांनी क्रूसाची खूण करावयास शिकविले आहे. त्यांनी स्वतः निवडलेल्या मानवेलाची ती काठी चुलीवरच्या धुरात टांगून वाळविलेली होती. बारा वर्षांपूर्वी, हिवाळ्यातील एका दुपारी, मी ती मागून घेतली आणि प्राणहितेच्या काठी अहेरीच्या बाजूस जाऊन बसलो. गळ पाण्याखालच्या खडकात अडकला. अशा वेळी काठी खाली ठेवून दोरीच हाताने ओढावयाची असते, हे मला ठाऊक होते. तरी उतावळेपणाने मी काठीलाच हिसका दिला. शेंड्याकडचा भाग कडकन मोडला.

आता लाजेची गोष्ट सांगतो. दर शनिवारी जो इतरांचे पापनिवेदन ऐकतो, त्या मनुष्याने ती काठी आठ दिवस आपल्या खोलीत दाराआड लपवून ठेवली! मोडलेल्या जागी मी सुतळी घट्ट गुंडाळली. वरून पाहता काठी धड दिसू लागली. परंतु अंगणात सहज वाकवून पाहिली, तो ती त्याच जागी पुन्हा मोडली. अखेरीस काठी घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. ते हसले आणि म्हणाले, "फादर, मोडल्याचं काही नाही. पण वरून झाकलं, ते चुकलं. आतलं चिरफळलेलं आधी काढायला पाहिजे."

त्या दिवशी त्यांनी मला जे शिकविले, ते सांगतो. प्रथम, जेथपर्यंत तंतू फाटले आहेत तेथपर्यंतचा भाग दोन्हीकडून निर्दयपणे कापून टाकावयाचा. मग दोन्ही टोके लांब तिरकी तासावयाची. काठी एक सेंटिमीटर जाड असेल तर हा तिरका काप दहा ते बारा सेंटिमीटर लांब असावा. आखूड कापाला सरस धरावयास जागा पुरत नाही. बांबूचे बळ त्याच्या बाहेरच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असते. यास्तव वरची साल खरवडावयाची नाही. दोन्ही काप एकमेकांवर तंतोतंत बसेपर्यंत घासावयाचे, सरस लावून बांधून ठेवावयाचे आणि पूर्ण वाळू द्यावयाचे. त्यानंतर बारीक मजबूत दोरा, एका वेढ्याला दुसरा चिकटून राहील असा, ताणून गुंडाळावयाचा. शेवटचे टोक वेढ्यांच्या खालून ओढून घ्यावयाचे, म्हणजे गाठ राहत नाही. वरून व्हार्निशचे दोन-तीन पातळ हात द्यावयाचे. घाई करून ओला बांबू जोडला, तर तो वाळताना आकसतो आणि बांधणी सैल पडते.

आपल्या रानातल्या या वेळूला हलका समजू नका. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतील कारागीर कलकत्त्याच्या बंदरातून गेलेला बांबू चिरीत, त्याच्या सहा पट्ट्या सरसाने जोडीत आणि त्यांची उंची काठी बनवीत. तो बांबू आपल्या मानवेलाच्याच जातीचा होता, असे मानले जाते. सहा तुकडे जोडून केलेली काठी ही त्यांच्या दृष्टीने अखंड काठीहून श्रेष्ठ होती.

आता शुभवर्तमानाकडे वळू. गळाने मासा धरल्याचा शुभवर्तमानांतील उल्लेख एकच, तो संत मत्तयाच्या सतराव्या अध्यायात: मंदिराच्या करासाठी प्रभूने पेत्राला समुद्रावर गळ टाकावयास पाठविले. परंतु त्याच शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात याकोब व योहान यांना प्रभूने हाक मारली, तेव्हा ते नावेत बसून आपली जाळी नीट करीत होते. तेथे मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, तेच संत पौलाने गलतीकरांस लिहिताना योजिले आहे. कोणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेने पुन्हा ताळ्यावर आणा, असा तेथे त्याचा उपदेश आहे. जाळे नीट करणे आणि भावाला नीट करणे, यांस प्रेषिताने एकच शब्द वापरावा, हे किती अर्थपूर्ण आहे! फाटलेले जाळे कोळी फेकून देत नाही. आणि रागावून त्याला अधिक फाडतही नाही.

ज्युबिलीचा मूळ अर्थही हाच. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे पन्नासाव्या वर्षी रणशिंग वाजे, गुलाम सुटत, आणि गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाई. सणाचा थाट नंतरचा. तुटलेले जोडणे आधीचे.

आपल्या धर्मग्रामात तुटलेले काही नाही काय? बांधाच्या हातभर जमिनीवरून अबोला धरलेले सख्खे भाऊ आपल्यांत आहेत. लग्नातल्या मानापानावरून एका बाकावर न बसणारी घराणी आहेत. मिस्सेत शांतीचे अभिवादन करतेवेळी मान दुसरीकडे वळते, हे वेदीवरून मला दिसते. आपण त्यावर सुतळी गुंडाळतो आणि 'आमच्यात काही नाही' असे म्हणतो. बंधूंनो, सुतळीने काठी जोडली जात नाही. आधी आपल्या बाजूचे चिरफळलेले कापावे लागते, आणि ते कापताना आपली लांबी थोडी कमी होते. ती काठीही एक वीत आखूड झाली, जोडाच्या जागी किंचित ताठरही राहिली. मात्र तेथे ती पुन्हा कधी मोडली नाही.

पुढच्याच पावसाळ्यात ते गुरुजी प्रभूच्या घरी गेले. त्यांच्या मुलाने ती काठी मला दिली. ती माझ्या खोलीत आहे. तिच्याकडे पाहिले की मनात येते, मी आठ दिवसांऐवजी आठ महिने लपविले असते, तर क्षमा कोणाजवळ मागितली असती? माझ्यावर दयाच झाली. ती आपणांवरही होईल. परंतु पावसाळा कोणाचा केव्हा येईल, हे कोणी सांगावे?

म्हणून माझी विनंती एवढीच. आज मंडपातले जेवण झाल्यावर घरी जाताना, ज्या दारावरून आपण वर्षानुवर्षे मान वळवून गेलो, त्या दारी थांबा. कोणाचा अपराध अधिक, हे मोजत बसू नका. कृपेचा सरस प्रभू देईल. काप आपणांस द्यावयाचा आहे.

पवित्र मरिया आपणांसाठी विनंती करो, आणि सर्वसमर्थ देव आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.