मृगातले झुडूप



भाषण मला येत नाही. एक फजिती सांगते. गेल्या साली जूनमध्ये लेकीकडे लॉस एंजेलिसला गेले आणि तिच्या अंगणात सिॲनोथस लावले. निळ्या फुलांचे ते तिकडचेच रानझुडूप. मृग लागला की रोप लावायचे, एवढेच मला ठाऊक! दोन्ही वेळा पाणी घाली. ऑगस्टात ते सुकू लागले, तशी मी आणखी पाणी घातले. ते गेलेच.

मग लेकीने सन व्हॅलीतली रोपवाटिका दाखवली. थिओडोर पेन यांच्या नावाने 1960 साली निघालेली ही संस्था तिथलीच रानझाडे जोपासते. तिथे उमगले, त्या मुलखात पाऊस पडतो हिवाळ्यात. म्हणून लावणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करायची; उन्हाळ्याआधी मुळे खोल जातात. उन्हाळ्यातल्या तापल्या, ओल्या मातीत मात्र बुरशीने मुळे कुजतात. माझी मायाच त्याला बाधली म्हणायची!

निघण्यापूर्वी, नोव्हेंबरात, दुसरे सिॲनोथस लावले. शेजारी आपल्या रुईची तिकडची बहीण. मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांना हिच्याच जातकुळीचा पाला लागतो. तो नाही, तर फुलपाखरूही नाही. आता फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, "जावईबापू, पाणी बेतानेच घालता ना?"