खिडक्या पुसण्याचा धंदा



शेतीचे काम सरले, की गावची माणसे नागपुरात काम शोधायला येतात. हाती भांडवल नसते. मग काय करावे? आज आम्ही अशा एका कामाविषयी बोलणार आहोत, ज्याला भांडवल थोडे लागते. ते काम म्हणजे घरोघरच्या खिडक्या साफ करून देणे.

नागपुरात हे काम निघते कसे? मनीषनगर, बेसा अशा भागांत मजल्यावर मजले चढले आहेत. तिथे काचेच्या सरकत्या खिडक्या असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून लोक खिडकीला कूलर लावतात. कूलरचे पाणी उडते आणि काचेवर, गजांवर पांढरे डाग धरतात. पाऊस लागला की कूलर निघतो. खिडकी मात्र मळलेलीच राहते. पुढे दिवाळीची साफसफाई येते. घरातली माणसे नोकरीवर जातात. त्यांना वेळ नसतो. तिथे आपले काम आहे.

कोणी म्हणेल, "लोकांची घरे पुसायची? चारचौघांत बरे दिसेल का?" त्याला आम्ही गाडगेबाबांची आठवण देतो. बाबा आपल्या वऱ्हाडातलेच. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. १९५६ साली ते गेले, पण त्या खराट्याचा मान अजून आहे. बाबा संत होते. त्यांनी झाडलोटीची मजुरी घेतली नाही. आपल्याला मुलाबाळांना पोसायचे आहे. आपण मजुरी घ्यावी, आणि आधी ठरवून घ्यावी.

सामान किती लागते? दोन बादल्या, स्पंज, रबरी पट्टीचा हातवायपर, रंगाचा जुना ब्रश, सुती फडकी आणि थोडा पातळ साबण. एवढे पुरे.

आता कामाची रीत ऐका. आधी कोरड्या ब्रशने खाचेतली आणि जाळीवरची धूळ काढा. धुळीत बारीक रेती असते. ओले फडके एकदम घासले, तर काचेवर चरे पडतात. मग साबणाच्या पाण्याचा स्पंज फिरवा. वायपर वरून खाली ओढा. दर वेळी त्याचे रबर पुसून घ्या. शेवटी कडा कोरड्या करा. काच उन्हाने तापली असेल, तर साबण वाळून डाग उरतात. म्हणून काम सकाळी लवकर करा. पांढरे डाग व्हिनेगर लावल्याने सुटतात. पण खाली कडप्पा, कोटा किंवा संगमरवरी फरशी असेल, तर तिच्यावर थेंब पडू देऊ नका. आंबट पदार्थाने ती फरशी खराब होते.

एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. पाय घराच्या फरशीवरून हलवायचा नाही. छज्जावर उतरायचे नाही, गजाबाहेर लोंबायचे नाही. मालकीण म्हणाली, "जरा बाहेरून पण पुसा ना", तर नम्रपणे सांगा, "ताई, हात पोचेल तेवढेच करतो." खिडकीत कूलर असेल, तर नुसते बटण बंद करून भागत नाही. घरच्या माणसाकडून प्लग काढून घ्या आणि मगच पाण्याला हात लावा. कूलरच्या झटक्याने दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. काम पुन्हा मिळते, जीव मिळत नाही.

आता भावाचे बोलू. नवा माणूस इथेच बुडतो. एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरी ८ खिडक्या आहेत. एका खिडकीला १५ मिनिटे लागतात. म्हणजे काम २ तासांचे. जाण्यायेण्यात १ तास गेला. एकूण ३ तास झाले. तासाला १०० रुपये धरले, तर ३०० रुपये. बसचे भाडे आणि साबण मिळून ६० रुपये. बेरीज ३६०. तिला ८ ने भागा. एका खिडकीचे ४५ रुपये पडतात.

काम मिळावे म्हणून तुम्ही २५ रुपयांना हो म्हणालात, तर हाती २०० येतील. त्यांतून ६० खर्च गेला. उरले १४०. तीन तासांचे १४०! म्हणजे तासाला ४७ रुपयेही नाहीत. मालकाने फसवले नाही. आपणच आपला वेळ मोजला नाही. जाण्यायेण्याचा तास हाही आपलाच घाम आहे.

म्हणून खिडक्या आधी मोजा. जाळी वेगळी, काच वेगळी, ते विचारा. भाव बोला आणि मगच बादली भरा.

आता तुम्हांला लिहिता येते. मग एक वही करा. तारीख, घर, खिडक्या, ठरलेले पैसे, मिळालेले पैसे, खर्च, असे रकाने आखा. दिवाळीत चार पैसे जास्त येतील. त्यांतले काही बाजूला टाका. पुढे काम मंदावेल, तेव्हा तेच कामी येतील.

आणखी एक सांगतो. असंघटित कामगारांसाठी २०२१ सालापासून ई-श्रमची नोंदणी आहे. वय १६ ते ५९ असेल, तर नाव नोंदवता येते. ती नोंदणी फुकट आहे.

घरात शिरताना चपला बाहेर काढा. वस्तू हलवली, तर होती तिथे ठेवा. काम झाले की मालकिणीला उजेडात काच दाखवा आणि मगच पैसे घ्या. काच स्वच्छ आणि शब्द पक्का असला, की एक घर दुसऱ्या घराला तुमचे नाव सांगेल. त्या नावाला भांडवल लागत नाही. आज रात्री वहीचे पहिले पान आखा, आणि उद्या कामाला निघा.